कट्ट्यावरचा नमुना

“डोळे सगळ्यांना असतात, नजर एखाद्यालाच असते. ती मला आहे. चेहरा पाहून मी चष्म्याचा नंबर सांगतो, चष्मा पाहून स्वभाव सांगतो आणि स्वभाव पाहून गुन्हा सांगतो. कपाळ रुंद, नाक सरळ, चाल मांजराची, स्मरणशक्ती हत्तीची. माझ्या नजरेतून आजवर काहीही निसटलेलं नाही आणि...”

इथवर आमच्या ह्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. “काच आहे हं, सांभाळून,” असं गिऱ्हाइकाला सांगता सांगता हे स्वतःच दारावर आपटले. त्यामुळे नाक सध्या सरळ नाही आणि पुढची हकीकत मी माझ्या मनानं लिहितेय.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पाटीवर ‘चष्मे करून मिळतील’ असं लिहिलंय. त्याखाली ह्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलंय, ‘रहस्ये उलगडून मिळतील’. मी दुकानात फ्रेमचे स्क्रू पिळते आणि तपासात ह्यांची मदतनीस असते. दोन्हीकडे काम एकच, सैल झालेलं घट्ट करत राहायचं. आजवरच्या तपासांत सगळ्यात गाजलेला म्हणजे शेजारणीच्या हरवलेल्या मांजराचा. मांजर हरवलेलंच नाही, ते घरातच आहे, हे ह्यांनी आठवडाभर खपून शोधून काढलं. शेजारणीला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. ती आम्हाला सांगायला विसरली, एवढंच.

तर एका सोमवारी सकाळी माझा थोरला भाऊ, दादा, दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसला.

“भाऊजी, माझी खुर्ची जाणार.”

“थांबा, काही बोलू नका,” हे म्हणाले. त्यांनी दादाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “तुम्ही काळजीत आहात.”

“ते मी आत्ताच सांगितलं.”

“मी वेगळ्या पुराव्यावरून ओळखलं. घाईघाईत तुम्ही दोन वेगळे मोजे घातलेत.”

“जोडीच आहे हो ती. एक धुऊन धुऊन विटलाय.”

“एकच का विटला, हा प्रश्न आपण पुढे घेऊ,” हे म्हणाले आणि मला मोठ्या आवाजात सांगितलं, “दुकान बंद कर. केस आली आहे.”

दादाची कंपनी लिफ्ट बनवते, बसवते आणि त्या बंद पडल्या की आत अडकलेल्यांची समजूत घालते. दादा तिथे ज्ञानविभागाचा प्रमुख. लिफ्टबद्दल जे जे म्हणून माणसाला माहीत असू शकतं, ते सगळं त्यानं उभ्या हयातीत जाडजूड खंडांमध्ये लिहून ठेवलंय. त्याला तो ‘ज्ञानसंहिता’ म्हणतो. खंड काचेच्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली दादाच्या कमरेला. कुणाला काही अडलं की त्यानं दादापुढे उभं राहायचं आणि आपली शंका खंड उघडण्याच्या लायकीची आहे हे आधी पटवून द्यायचं. बहुतेकांची नसायची. “एवढंही माहीत नाही?” हे दादाचं वाक्य कंपनीत इतकं प्रसिद्ध होतं की लोक शंका घेऊन जिन्यापर्यंत यायचे आणि तिथूनच परत फिरायचे.

मग कंपनीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मोठ्याबाईंनी, बाहेरून एक सल्लागार आणला. तो म्हणाला, “तुमच्याकडे ज्ञान वरून खाली येतं, म्हणून वाटेत अडकतं. ते आडवं वाहू द्या.”

“आडवं वाहतं त्याला ज्ञान नाही, गळती म्हणतात,” दादा म्हणाला होता. पण त्याचं कुणी ऐकलं नाही आणि कंपनीत ‘कट्टा’ सुरू झाला.

कट्टा म्हणजे लोक फोनवर जे दिवसभर करत बसतात तेच, फक्त कंपनीपुरतं आणि पगारी वेळेत. कॉम्प्युटरवर कुणीही प्रश्न टाकायचा, ज्याला येत असेल त्यानं उत्तर लिहायचं, इतरांनी त्यात भर घालायची आणि आवडलं तर अंगठा दाखवायचा. इथे अंगठा दाखवला तर तो मान समजायचा, एवढं दादाला पटायलाच महिना गेला.

“त्या कट्ट्यावर एकजण आहे,” दादा सांगू लागला. “नमुना म्हणून. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. कुणीही काहीही विचारा, हा उत्तर देतो. दार अडकलं, नमुना. मोटर तापली, नमुना. रजेच्या अर्जावर सही कुणाची घ्यायची, तरी नमुनाच. मोठ्याबाई तर वेड्या झाल्यात त्याच्यापायी. शुक्रवारच्या सभेत त्या नमुन्याला ज्ञानविभागाचा प्रमुख करणार आहेत. त्यानं पुढे यावं म्हणून जाहीर केलं, पण तो येईना. तेव्हा मला बोलावून म्हणाल्या, शोधा त्याला. भाऊजी, माझ्या खुर्चीवर बसणारा माणूस मीच शोधून आणायचा! हे कुठलं ज्ञान?”

बोलता बोलता दादाचा आवाज जरा बसला. त्याला मी एवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी गणितात नापास झाला तेव्हासुद्धा त्यानं, चूक प्रश्नपत्रिकेत आहे, असंच सांगितलं होतं.

“दादा, निश्चिंत राहा,” हे म्हणाले. “शुक्रवारी नमुना तुमच्यासमोर उभा करतो.”

“पण उभा केलात तर माझी खुर्ची जाईल ना?”

ह्यांनी ह्याचा विचार केला नव्हता. “एका वेळी एकच रहस्य,” असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेशांतर करून कंपनीत गेलो. हे लिफ्ट विकत घ्यायला आलेले बडे बांधकामवाले आणि मी त्यांची पत्नी. माझ्या बाबतीत वेशांतर फारसं करावं लागलं नाही. ह्यांनी काळा चष्मा लावला होता, त्यामुळे आत शिरताच ते कुंडीला नमस्कार करून बसले.

“या या भाऊजी,” कानाला फोनचा पट्टा लावलेली रिसेप्शनिस्ट म्हणाली. “दादांनी सांगून ठेवलंय, तुम्ही हेरगिरीला येणार म्हणून. चहा घेणार ना?”

दादानं आम्हाला कट्ट्यावरच्या एका गाजलेल्या चर्चेचा कागद काढून दिला. तो जसाच्या तसा इथे उतरवते.

‘जुन्या लिफ्टचं दार अर्ध्यात अडकतंय. काय करावं? – नमुना’

‘खालच्या खाचेत बघा. पिना, बटणं काय काय जाऊन बसतं तिथं. – नमुना’

‘बघितलं. एक कानातलं निघालं. कुणाचं आहे? – नमुना’

‘माझं!!! थँक्यू!!! – नमुना’

‘चूक. दार खाचेमुळे अडकत नसून पट्टा सैल झाल्यामुळे अडकते. ज्ञानसंहिता, खंड चार पाहावा. – नमुना’

‘पण दार चालू झालंय हो. – नमुना’

‘तरीही चूक. – नमुना’

मी कागद खाली ठेवला. “अहो, ही चार-पाच वेगवेगळी माणसं वाटतात.”

ह्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “नावं किती आहेत?”

“एकच.”

“मग माणूस एकच. अगं, हाच तर त्याचा डाव! लोक दाढीमिशा लावून वेशांतर करतात, हा भाषेचं वेशांतर करतो. एकदा भाबडा होतो, एकदा तज्ज्ञ होतो, एकदा तिरसट होतो. स्वतःच विचारतो, स्वतःच सांगतो आणि स्वतःच स्वतःशी भांडतो. म्हणून तर नाव घेतलंय नमुना. आपण काय नमुना आहोत ते त्याला पक्कं माहीत आहे.”

“आणि कानातलं?”

“तीच त्याची चूक! कानातलं लिफ्टमध्ये पडलं, याचा अर्थ एक कान रिकामा. चल, रिकामा कान शोधायचा.”

त्यानंतर तासभर हे कंपनीतल्या प्रत्येकाच्या कानाजवळ जाऊन थांबत होते. दोघांना वाटलं हे काहीतरी गुपित सांगणार आहेत, म्हणून त्यांनी मान झुकवली. एकानं कान धुऊन येतो म्हणून जी खोली सोडली, तो परत आलाच नाही. शेवटी हे रिसेप्शनिस्टपाशी येऊन थबकले. तिचा एक कान फोनच्या पट्ट्याखाली झाकलेला.

“तो पट्टा काढा,” ह्यांनी करड्या आवाजात सांगितलं.

तिनं काढला. दोन्ही कानांत कानातली होती.

“छान आहेत,” मी म्हटलं.

“आईनं दिलेली आहेत हो. ह्यातलं एक हरवलं होतं, इतकी रडले मी. मग लिफ्टच्या दारात सापडलं.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या यादीवर काट मारत होते.

“दोन्ही कान भरलेले,” हे माझ्या कानात म्हणाले. “ही निर्दोष.”

बुधवारी संशय वर्कशॉपच्या फोरमनवर गेला. कारण मोठ्याबाईंना नमुन्याचं सगळ्यात आवडलेलं उत्तर यंत्राबद्दलचं होतं. ते त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून आपल्या खोलीत लावलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवायच्या. कुणीतरी कट्ट्यावर विचारलं होतं, लिफ्टचा दोर तुटला तर काय होतं. त्यावर नमुन्यानं लिहिलं होतं, ‘अरे, लिफ्ट म्हणजे विहिरीत सोडलेली बादली आहे का? दोर तुटला तरी ती पडत नाही. वेग वाढला की तिच्या खालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना कडकडून चावतात आणि ती जागच्या जागी थांबते. आतल्या माणसानं फक्त गप्प उभं राहायचं. तेवढंच माणसाला जमत नाही.’

“इतकं सोपं करून सांगणारा माणूस कंपनीत आहे आणि मला त्याचं तोंड माहीत नाही!” मोठ्याबाई ह्यांना म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. हे म्हणाले, चष्मा बदलायला हवा.

फोरमनसाठी ह्यांनी सापळा रचला. त्याच्यापाशी जाऊन अगदी सहज विचारलं, “काय हो, दोर तुटला तर लिफ्ट कशी थांबते?”

फोरमननं हातातला पाना खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “ते ना... कट्ट्यावर बघा.”

“तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण कट्ट्यावर चांगलं लिहिलंय.”

बाहेर आल्यावर हे आनंदानं हात चोळत होते. “पाहिलंस? स्वतःच्या लेखनाची जाहिरात करतोय. लेखकाशिवाय कोण करतं असं?” पण संध्याकाळी कळलं, की फोरमन लिहायचं म्हटलं की दुसऱ्याला पकडतो, रजेचा अर्जसुद्धा तो स्टोअरकीपरकडून लिहून घेतो. ह्यांनी क्षणभरच विचार केला आणि संशय अर्जासकट स्टोअरकीपरवर ढकलला. स्टोअरकीपर हे पोट सुटलेले, हसतमुख काका. ह्यांनी त्यांचा पाठलाग सुरू केला. काका सावकाश चालणारे, हे त्यांच्याहून सावकाश. चहाच्या खोलीपासून स्टोअरपर्यंत जायला दोघांना इतका वेळ लागला, की काकांनीच मागे वळून विचारलं, “भाऊजी, पायाला काही लागलंय का? हात देऊ?”

गुरुवारी संध्याकाळी हे घरी फेऱ्या मारत होते आणि दादा आमच्याकडे चहाला आला होता. अचानक हे थबकले.

“दादा, कंपनीत सगळं माहीत असलेला माणूस कोण?”

“आजवर मी होतो.”

“नमुना सगळं सांगतो. तुम्हाला सगळं माहीत. म्हणजे तुम्हीच नमुना! स्वतःचीच खुर्ची घालवायची, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. काय धूर्तपणा!”

मला वाटलं दादा चिडेल. त्यानं फक्त कप खाली ठेवला.

“असतो तर बरं झालं असतं, भाऊजी,” तो म्हणाला. “परवा मी वर्कशॉपमध्ये गेलो. चार पोरं कॉम्प्युटरपाशी खिदळत नमुन्याला काहीतरी विचारत होती. मला पाहिलं आणि पांगली. मी म्हटलं, मला विचारा की. तर म्हणतात, नाही दादा, काही नाही, सहज. इतकी वर्षं मी ज्ञान जपलं आणि लोक मला पाहून पळतात. तो कोण कुठला, तोंडसुद्धा दाखवत नाही, त्याच्यापाशी सगळे बसतात. मी पण जातो कधीकधी चहाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. केबिनमधल्या माझ्या कॉम्प्युटरवर पुढच्या खंडाचं टायपिंग चालू असतं ना. तिथे बसून त्याच्या चुका दाखवतो. तो कधी उत्तर देतो, कधी नाही.”

मला भडभडून आलं. दादा निघून गेल्यावर हे म्हणाले, “अभिनय उत्तम करतात तुझे दादा.”

शुक्रवारी सभा होती. मोठ्या दालनात सगळी कंपनी जमलेली. समोर भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर कट्टा उघडलेला, म्हणजे नमुना काही लिहील तर सगळ्यांना त्याच क्षणी दिसावं. ही ह्यांची योजना. “गुन्हेगार सभेला येणार नाही,” ह्यांनी मोठ्याबाईंना समजावलं होतं. “तो कुठल्यातरी कोपऱ्यातून लिहिणार. लिहिलं रे लिहिलं, की आपण कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर धाव घ्यायची.”

माझं काम म्हणजे चहाच्या खोलीवर लक्ष ठेवणं. तिथे मी आणि स्टोअरकीपर काका. काका सभा चुकवून चहात बिस्कीट बुडवत होते, आणि ते बुडालेलं बिस्कीट चमच्यानं शोधण्यात त्यांचं सगळं चित्त लागलेलं. कोपऱ्यात कॉम्प्युटर चालूच होता. कट्टा उघडलेला, चौकटीत लिहिलेलं, ‘तुम्हाला काय विचारायचंय?’

इतक्या आपुलकीनं मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. मनात होतं ते बोटांनी लिहून टाकलं, ‘नवरा स्वतःला गुप्तहेर समजत असेल तर काय करावं?’ आणि बटण दाबलं.

प्रश्न वर गेला. त्याच्यापुढे नाव आलं, ‘नमुना’.

“अहो काका,” मी म्हटलं, “हे मला नमुना का म्हणतंय?”

काकांचा चमचा हातातच राहिला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात दालनात एकच कल्ला झाला आणि धावत्या पावलांचा आवाज आला. दार धाडकन उघडलं. पुढे हे, मागे मोठ्याबाई, त्यांच्यामागे दादा आणि अख्खी कंपनी.

“हात वर!” हे ओरडले. “त्या बदमाशाला माझा सुगावा लागलाय! पडद्यावर माझ्याच विषयी...” आणि त्यांनी मला पाहिलं. “तू?”

“अहो, मी फक्त...”

“बोटं अजून कळफलकावर आहेत. पडद्यावर अक्षरं ओली आहेत.” ह्यांचा आवाज कापत होता. “अस्तनीतला निखारा! रोज सकाळी माझ्याबरोबर चहा घेणारी, माझे स्क्रू घट्ट करणारी... मोठ्याबाई, सत्यापुढे नातंगोतं नसतं. ही माझी पत्नी. हीच नमुना.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. दादाचा चेहरा तर असा झाला होता, जणू लिफ्टचा दोर तुटलाय आणि जबड्यांनी चावायला नकार दिलाय.

“पण ह्या तर इथे कामाला नाहीत,” मोठ्याबाई म्हणाल्या.

“तेच तर कौशल्य,” हे म्हणाले.

मोठ्याबाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. “ताई, ते रुळांना चावणारे जबडे... काय लिहिलंय हो तुम्ही! आमच्या ज्ञानविभागाच्या प्रमुख व्हाल?”

मी आजवर कशाचीच प्रमुख झाले नव्हते. खरं सांगायचं तर क्षणभर मोह झाला. पण तेवढ्यात कॉम्प्युटरनं टिंग केलं. माझे दोन्ही हात मोठ्याबाईंच्या हातांत असताना पडद्यावर माझ्या प्रश्नाखाली उत्तर उमटलं.

‘माझाही असाच आहे. दुर्लक्ष करावं. आपोआप दमतो. – नमुना’

हे वाकून टेबलाखाली माझे आणखी हात आहेत का ते पाहू लागले.

“रिसेप्शनवरून असेल ते,” शेवटी स्टोअरकीपर काका हळूच म्हणाले. “तिचा नवरा पण तसलाच आहे. घरी नळ दुरुस्त करतो.”

“म्हणजे नमुना रिसेप्शनिस्ट आहे?” मोठ्याबाईंनी विचारलं.

“ती पण आहे,” काका म्हणाले. “मी पण आहे. आता काय सांगू, तो शिकवणारा माणूस आला होता ना कट्टा दाखवायला? त्यानं दाखवण्यापुरतं एक खातं उघडलं होतं. त्याला नाव दिलं नमुना. इथला, रिसेप्शनचा आणि वर्कशॉपचा, तिन्ही कॉम्प्युटर त्यानं त्या खात्यात चालू केले आणि तसेच सोडून गेला. आपापला पासवर्ड कोणाच्या लक्षात राहतोय? हे आपलं उघडंच असतं. आलं, लिहिलं, गेलं.”

“मग मी इतकं विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?”

काकांनी कपात पाहिलं. “तुम्ही म्हणालात, नमुना सापडला की प्रमुख करणार. मी घाबरलो. मला वाटलं, मला करताय.”

“मलाही तेच वाटलं,” मागून फोरमन म्हणाला. “मी सांगायचो आणि पोरं टाईप करायची.”

“आम्हालाही,” पोरं म्हणाली.

ही कबुलीजबाबांची सर थांबेचना. ज्यानं दार उघडायला सांगितलं तो एक, ज्यानं उघडलं तो दुसरा. मोठ्याबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना एकाच गोष्टीचं पडलं होतं. “पण ते जबड्यांचं उत्तर? ते कुणी लिहिलं?”

सगळे एकमेकांकडे पाहत राहिले.

“ते मी लिहिलं,” दादा म्हणाला. “ह्याच खुर्चीत बसून. कुणीतरी मूर्खासारखं विचारलं होतं, म्हणून रागानं लिहिलं.”

“आणि त्या सगळ्या ‘चूक आहे’, ‘तरीही चूक’...” मी म्हटलं.

“तेही मीच.”

“दादा, वर नाव ‘नमुना’ यायचं ते दिसलं नाही तुला?”

“दिसायचं की. मला वाटलं, मी त्याला उद्देशून लिहितोय म्हणून त्याचं नाव येतंय.” दादा ओशाळला होता. “अधूनमधून त्याचं एखादं म्हणणं मला पटायचंही. आता कळतंय, ते माझंच असायचं.”

आधी पोरं हसली, मग काका, मग मोठ्याबाई, आणि शेवटी दादासुद्धा. दादाला ऑफिसात हसताना कंपनीनं पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ते पाहून बाकीचे दचकून थांबले.

“मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो,” हे म्हणाले. “नमुना एक नाही, अनेक आहेत.”

दादाची खुर्ची वाचली. पण मोठ्याबाईंना हा मोकळाढाकळा कारभार काही रुचला नाही. त्यांनी फर्मान काढलं, नमुना बंद, ज्यानं त्यानं आपल्या नावानं लिहायचं. सोमवारी त्यांनी स्वतः कट्ट्यावर ‘सुप्रभात’ लिहिलं. सगळ्यांनी अंगठा दाखवला. मंगळवारीही ‘सुप्रभात’, मंगळवारीही अंगठे. बाकी पूर्ण शुकशुकाट. एकही प्रश्न नाही आणि म्हणून एकही उत्तर नाही. तिकडे लिफ्ट मात्र पूर्वीसारख्याच अडकत होत्या आणि वर्कशॉपमधली माणसं एकमेकांना जिन्याखाली गाठून कुजबुजत विचारत होती.

मोठ्याबाईंनी दादाला बोलावलं. हे मला दादानंच सांगितलं.

“लोकांना एकाएकी सगळं यायला लागलं का हो?”

“नाही,” दादा म्हणाला. “आता ज्याला येत नाही त्याचं नाव दिसतं.”

“मग काय, तो नमुना परत आणू?”

दादा म्हणाला, “मला एक दिवस द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर मजकूर झळकला. खाली दादाचं पूर्ण नाव आणि हुद्दा. ‘नव्या इमारतीतली लिफ्ट रिकामी वर जाताना घरघरते आणि माणसं भरली की गप्प होते. असं का होतं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.’

फोरमननं ते वाचलं आणि आणखी दोघांकडून वाचून खात्री करून घेतली. दादाला माहीत नाही! बातमी दुपारच्या आत सगळ्या मजल्यांवर पोहोचली, लिफ्ट बंद असलेल्या मजल्यांवरसुद्धा. ज्यांना ज्यांना आयुष्यात कधी ना कधी ‘एवढंही माहीत नाही?’ ऐकावं लागलं होतं, ते सगळे आपापला पासवर्ड विचारायला कॉम्प्युटर विभागाच्या दारात रांग लावून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला, प्रत्येकाखाली ठळक नाव. निम्मी उत्तरं चुकीची होती. त्यांवरून भांडणं झाली, भांडणांतून नवे प्रश्न निघाले, आणि कुणीतरी न राहवून विचारलं, की दादा, हे असलं खंडात कुठे काही आहे का. दादानं कपाट उघडून खंडच वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवला. आता तो रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतो, चांगली उत्तरं वेचून वेगळी ठेवतो आणि चुकीच्यांच्या खाली ‘असं वाटणं साहजिक आहे’ असं लिहितो. हे वाक्य लिहायला त्याला किती कष्ट पडत असतील, ते मी बहीण म्हणून जाणते.

त्याच आठवड्यात हे दुकानात एक भिंग पुसत बसले होते. पुसता पुसता म्हणाले, “दादांना त्या घरघरीचं उत्तर माहीत होतं.”

“कशावरून?”

“ज्याला खरंच माहीत नसतं, तो ‘माहीत नाही’ असं चरफडत लिहितो. दादांनी ‘कृपया’ लिहिलंय.”

मी स्क्रू पिळत राहिले. रविवारी दादाकडे गेले तेव्हा मात्र राहवलं नाही आणि विचारलं. दादानं वहिनी स्वयंपाकघरात आहे ना ते पाहून घेतलं.

“खंड सात,” तो पुटपुटला. “मीच लिहिलंय, आकृतीसकट. कुणाला सांगू नकोस.”

“मग विचारलंस कशाला?”

“कुणीतरी पहिल्यांदा विचारायला हवं होतं ना.”

घरी आले. हे दारातच उभे होते.

“काय म्हणाले दादा?”

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा एक तर्क पहिल्यांदा बरोबर निघाला होता. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते ह्यांना एकदा कळलं तर काय होईल, ह्या विचारानं पुढचं सगळं आयुष्य माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

“काही नाही हो,” मी चप्पल काढत म्हटलं. “त्याला खरंच माहीत नव्हतं.”

“वाटलंच होतं मला,” हे म्हणाले.